धरणातले मासे मोजायचे कसे?

शेततळं उपसता येतं, धरण उपसता येत नाही. त्यात तळाशी बुडालेली झाडं आणि खुंट, म्हणजे ओढजाळंही निकामी. धरणांतले मासे मोजायच्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहण्याची वेळ आली ती यामुळे.

मूळ हिशेब समुद्राकडचा. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९०च्या दशकात लिमफ्योर्डमधल्या चपट्या माशांना खुणा केल्या. त्यांच्या नावाने चालणारं गणित सोपं आहे: २०० मासे खूण करून सोडले, पुढे पकडलेल्या १०० मध्ये १० खुणेचे निघाले, तर पाण्यात अंदाजे २,०००. एकदाऐवजी पुन्हापुन्हा पकडून अंदाज काढायचं सूत्र १९३८ मध्ये अमेरिकेच्या झोई श्नाबेल यांनी मांडलं. मोठ्या धरणात मात्र खुणेचे १० मासे परत हाती लागणंच कठीण.

अमेरिकेत टेनेसी खोऱ्यात १९३६ मध्ये नॉरिस धरण पुरं झालं आणि पाठोपाठ धरणांची रांग लागली. तिथे रोटेनोन रुजलं. फुगवट्याचा एखादा फाटा जाळ्याने बंद करायचा, पाण्यात हे मुळांपासून काढलेलं विष सोडायचं, आणि वर आलेले मासे जातवार मोजून हेक्टरी किलो काढायचे. (आपल्याकडे ओढ्यात गेळफळ कुटून टाकायचे, त्यातलीच युक्ती.) आकडा भक्कम वाटतो. पण मेलेले सगळेच मासे वर येत नाहीत, आणि उथळ फाट्यातली वस्ती म्हणजे भर पाण्यातली वस्ती नव्हे. म्हणून १९७८ मध्ये केंटकीच्या बार्कली जलाशयात क्रूकेड क्रीक हा अख्खा फाटाच रोटेनोनखाली घेऊन छोट्या फाट्यांचे आकडे पडताळले गेले. एवढे मासे मारून मोजणी करणं आज लोकांना पटणार नाही.

विजेचा झटका काठच्या उथळ पाण्यापुरता. गिलनेट, म्हणजे माशाला कल्ल्यात अडकवणारं जाळं, आपल्या आसाच्या (भोकाच्या) मापाचेच मासे धरतं. युरोपच्या २००५ च्या मानकात म्हणून एकाच जाळ्यात ५ ते ५५ मिमीचे १२ आस आहेत. ध्वनियंत्र खोल पाण्यातले थवे दाखवतं, जात सांगत नाही, त्यामुळे सोबत जाळं लागतंच.

भारतात जलाशयांच्या मत्स्यव्यवसायावर देशव्यापी समन्वित संशोधन १९७१ मध्ये सुरू झालं. तरी आपल्या बहुतेक धरणांचं हेक्टरी उत्पादन आजही काठावर उतरलेल्या मासळीवरूनच धरलं जातं. आसातून निसटलेली बारीक मासळी त्यात नसते, आणि नोंद न करता विकलेलीही नसते.