अर्कभूमीचे सूर्यस्तंभ: संशयामागचा इतिहास

अर्कभूमी नावाचा देश कोणत्याही नकाशात सापडणार नाही. नागपुरात आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून जे कल्पित जग रचत आलो आहोत, त्यातला हा समुद्रकाठचा, कोळसा संपलेला वाळवंटी देश. त्याने उभारलेले सात सूर्यस्तंभ प्रत्येकी ३०० मीटर उंच आहेत आणि प्रत्येकाभोवती लाखभर आरसे आहेत. शेजारच्या खाडीराज्याला ते वीजनिर्मितीसाठी आहेत हे पटत नाही. सहाव्या आणि सातव्या स्तंभापासून शहराकडे एकही वीजवाहिनी जात नाही, रात्री आरसे हलताना दिसतात, आणि परक्या देशाच्या अभियंत्याला पाचव्या स्तंभापलीकडे पाऊल टाकू देत नाहीत. हे स्तंभ म्हणजे जहाजं जाळण्याचं शस्त्र आहे, असं खाडीराज्याचे सेनापती उघड म्हणतात. कथेचा पुढचा भाग येण्याआधी या संशयाला खऱ्या जगात काय आधार आहे, ते नीट मांडायला हवं. आधार आहे, आणि तो भक्कम आहे. फक्त सेनापती बोट दाखवतात तिथे तो नाही.

सुरुवात मुंबईपासून करतो. उंचावरच्या एका स्थिर बॉयलरवर अनेक चपट्या आरशांनी ऊन फेकायचं आणि त्या उष्णतेने झालेल्या वाफेवर यंत्र चालवायचं, ही आजच्या सूर्यस्तंभांची मूळ कल्पना. ती मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी कुलाब्याच्या आवारात करून पाहिली आणि १८७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये मूशो यांनी वाडग्यासारखा एकसंध आरसा वापरला होता. तो मोठा करत गेलं की जड होतो आणि सूर्यामागे फिरवता येत नाही. अ‍ॅडम्सनी बॉयलर जागेवर ठेवला, समोर अर्धवर्तुळात लहान लहान आरसे मांडले आणि फिरवायचे ते फक्त आरसे, असं ठरवलं. त्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालला. सूर्यचुलीचा प्रयोगही त्यांनी केला. सात सैनिकांचा शिधा मुंबईच्या जानेवारीतल्या उन्हात दोन तासांत शिजला. पहिल्या पावलापासून या तंत्राच्या शेजारी पलटण उभी आहे, ती अशी. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवरच्या आरशांच्या तबकड्यांच्या उष्णतेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो, तेही याच घराण्यातलं काम.

जहाजं जाळणाऱ्या आरशांची कथा आर्किमिडीजच्या नावावर आहे. त्याच्या सिरॅक्यूज शहराला रोमनांनी घातलेला वेढा इसवी सनपूर्व २१३–२१२ चा. पण त्या वेढ्याचं वर्णन करणाऱ्या प्राचीन लेखकांत, म्हणजे पॉलिबियस, लिव्ही किंवा प्लुटार्क यांच्यापैकी एकानेही आरशांचा उल्लेख केलेला नाही. आरसे कथेत शिरले ते कित्येक शतकांनी. तरी १७४७ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी पॅरिसमध्ये शंभराहून जास्त आरसे जोडून दूरवरचं लाकूड पेटवून दाखवलं, आणि १९७३ मध्ये ग्रीसमध्ये सक्कास यांनी नौसैनिकांच्या हाती आरसे देऊन सुमारे ५० मीटरवरची होडी पेटवली. म्हणजे ५० मीटरवर जमतं. सेनापतींची जहाजं दहा किलोमीटरवर आहेत, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

हा फरक कुणालाही गच्चीवर पाहता येईल. हातभर अंतरावर चौकोनी आरशाचा कवडसा चौकोनीच पडतो. तोच कवडसा समोरच्या इमारतीच्या टाकीवर टाकला तर तो गोल, मोठा आणि फिका होतो. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची थाळी सुमारे अर्ध्या अंशाची आहे आणि प्रत्येक किरणासोबत तो पसारा येतोच. किलोमीटरभर अंतरावर कवडसा किमान नऊ मीटर रुंद होतो, दहा किलोमीटरवर नव्वद मीटरच्या पुढे जातो. लाखभर आरशांनी एकाच जागी अचूक नेम धरला, तर एवढ्या पसाऱ्यानंतरही हिशेबात उष्णता भयंकर निघते, हे मी लपवत नाही. पण नेम धरायला प्रत्येक आरशाला जहाज दिसायला हवं. मुळात स्तंभ ३०० मीटर उंच कशासाठी? मागच्या रांगेतल्या आरशाला पुढच्या रांगांच्या डोक्यावरून लक्ष्य दिसावं म्हणून. समुद्राच्या पातळीवरचं जहाज पहिल्या काही रांगांना दिसेल, बाकी सगळ्यांचं ऊन पुढच्या आरशांच्या पाठीवर पडेल. शिवाय आरशांच्या मोटरी सूर्याच्या संथ चालीसाठी बनवलेल्या असतात. पळतं लक्ष्य त्यांच्या आवाक्यात येत नाही.

खाडीराज्याने खरं तर आकाशाकडे पाहायला हवं होतं. कॅलिफोर्नियातलं इव्हानपाह केंद्र, तीन मनोरे आणि पावणेदोन लाखांच्या आसपास आरसे, २०१४ मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षीच वरून जाणाऱ्या वैमानिकांनी डोळे दिपवणाऱ्या झळाळीच्या तक्रारी केल्या होत्या. आरसे मनोऱ्यावर रोखलेले नसतात तेव्हा ते बाजूच्या मोकळ्या हवेत रोखून तयार ठेवले जातात, आणि त्या प्रखर पट्ट्यात शिरलेले पक्षी होरपळतात. ठरलेल्या मार्गाने उतरणाऱ्या विमानाच्या चालकाला क्षणभर आंधळं करायचं असेल, तर वेगळं शस्त्र बनवावं लागत नाही.

अवकाशातल्या आरशाचीही धास्ती जुनी आहे. रॉकेटशास्त्रज्ञ हर्मन ओबर्थ यांनी विसाच्या दशकात कक्षेत फिरणाऱ्या आरशाची कल्पना मांडली. जुलै १९४५ मध्ये, जर्मनी हरल्यावर, ‘लाइफ’ मासिकाने छापलं की जर्मन शास्त्रज्ञ ‘सूर्यतोफ’ आखत होते: ८,२०० किलोमीटर उंचीवर नऊ चौरस किलोमीटरचा आरसा, शहरं जाळण्यासाठी. पकडलेल्या शास्त्रज्ञांच्या मते त्याला अजून ५० ते १०० वर्षं लागली असती. आता गच्चीवरचाच नियम लावा. एवढ्या उंचीवरून कवडसा ७६ किलोमीटर रुंद पडेल, म्हणजे साडेचार हजार चौरस किलोमीटर जमिनीवर. नऊ चौरस किलोमीटरचं ऊन त्यावर पसरलं तर नेहमीच्या उन्हाचा पाचशेवा भाग हाती येतो. रात्री रस्ते उजळतील, जळणार काही नाही. रशियाने ४ फेब्रुवारी १९९३ ला ‘झ्नाम्या’ नावाचा २० मीटरचा आरसा अवकाशात उघडला, तेव्हा नेमकं हेच दिसलं. सुमारे पाच किलोमीटर रुंद, पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड युरोपवरून झरझर सरकत गेला.

१९६८ मध्ये अमेरिकी अभियंते पीटर ग्लेझर यांनी उपग्रहावर उन्हापासून वीज तयार करून ती सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्हने) जमिनीवर पाठवायची योजना मांडली, आणि ‘हा किरण शहरावर वळवला तर?’ हा प्रश्न तिला कायमचा चिकटला. सत्तरच्या दशकाअखेरच्या अमेरिकी आराखड्यात किरणाच्या मध्यभागी चौरस मीटरला २३० वॅटची मर्यादा होती, दुपारच्या उन्हाच्या साधारण पावपट. अर्कभूमीजवळ उपग्रह नाहीत, म्हणून हा धागा इथेच सोडतो.

मग सहावा आणि सातवा स्तंभ करतात तरी काय? इथे खरा इतिहास कथेपेक्षा बोलका आहे. अमेरिकी लष्कराने १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथे सौरभट्टी, म्हणजे आरशांनी ऊन एका जागी गोळा करून वस्तू तापवणारी भट्टी, उभारली आणि पुढे ती न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला हलवली. अणुस्फोटाच्या वेळी उठणारी उष्णतेची लाट गणवेशाच्या कापडावर, रंगावर, धातूवर काय करते, हे स्फोट न करता पाहण्यासाठी. १९७८ पासून चालणाऱ्या, न्यू मेक्सिकोतल्याच अल्बुकर्कच्या सूर्यमनोऱ्यावर वीजकेंद्रांचं संशोधन होतं, आणि याच प्रकारच्या चाचण्याही. सोव्हिएत संघाने ताश्कंदजवळ पार्केंतला एक मेगावॅटची भट्टी ऐंशीच्या दशकात बांधली, तिथे अवकाश आणि संरक्षण खात्यांसाठी साहित्य तपासलं जाई. यातल्या कुठल्याच आरशाने कुणाच्या सैन्यावर ऊन फेकलं नाही. दुसऱ्यांनी टाकलेल्या बॉम्बमधून आपलं काय वाचेल, आणि आपली क्षेपणास्त्रं वातावरणात शिरताना तापून वितळणार तर नाहीत ना, हे जाणून घेणं हाच त्यांचा लष्करी उपयोग. शेजाऱ्याने धास्तवावं असं ते आहेच. युद्धाची तयारी तोफ घडवण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते.

आम्हा नागपूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. १९६२ च्या युद्धानंतर उभी राहिलेली अंबाझरीची आयुध निर्माणी शहराला खेटून आहे. कुंपणाआत काय चालतं ते सगळ्यांना ढोबळ माहीत असतं, नेमकं कुणालाच नाही, आणि त्या मधल्या जागेत अफवा वाढते. अर्कभूमीनेही कुंपण घातलं, खुलासा दिला नाही. दोष आरशांचा कमी आणि या गप्प बसण्याचा जास्त, असं माझं ठाम मत आहे.

रात्री हलणाऱ्या आरशांचा खुलासा मात्र दोन साध्या प्रकारे निघतो. खऱ्या केंद्रांत आरसे बऱ्याचदा रात्रीच धुतात, कारण दिवसाचा प्रत्येक तास विजेचा असतो. अल्बुकर्कच्या आरशांनी तर रात्री खगोलशास्त्राचं काम केलं. दूरच्या आकाशगंगांतून येणारे गॅमा किरण वातावरणावर आदळले की निळसर प्रकाशाची अतिक्षणिक चमक उठते. ‘स्टेसी’ नावाच्या प्रयोगात शास्त्रज्ञांनी ६४ आरशांनी ती मनोऱ्याकडे वळवून पकडली. फ्रान्समधल्या थेमिस या बंद पडलेल्या सौरकेंद्रातही असाच प्रयोग झाला. तेव्हा रात्रीची हालचाल हा एकटा पुरावा म्हणून टिकत नाही.

पुढच्या भागात खाडीराज्याचं निरीक्षक पथक सहाव्या स्तंभावर जाणार आहे. त्यांनी आरसे मोजत बसू नये, वीजवाहिन्याही शोधू नयेत. वर चढून माथ्यावर बॉयलर आहे का ते पाहावं. त्याच्या जागी झपाट्याने उघडमीट करणाऱ्या पट्ट्यांची झडप असेल, तर तिथे वीज बनत नाही. बॉयलरला अखंड ऊन लागतं. अणुस्फोटाची उष्णता दोन-चार सेकंदांत चढते आणि उतरते, आणि उन्हाला तसा चढउतार द्यायला झडपच लागते.