मेन स्विच पाडला की झालं? सुपरइंटेलिजन्सच्या भीतीमागची पार्श्वभूमी

चॅटजीपीटी कधी आलं, सुपरइंटेलिजन्स म्हणजे काय वगैरे आता सगळ्यांना पाठ आहे, त्यात परत जात नाही. पण माणसापेक्षा हुशार मशीन, म्हणजेच सुपरइंटेलिजन्स, झालं तर काय असा विषय निघाला की घरातलं कुणी ना कुणी हमखास म्हणतं, त्यात काय एवढं, मेन स्विच पाडायचा. मला विचाराल तर या सगळ्या वादाचा इतिहास म्हणजे या एका वाक्याचाच इतिहास आहे.

जुना भाग पटकन सांगतो. मे १९५१ मध्ये ब्रिटिश रेडिओवर एका गणितज्ञाचं भाषण झालं, कॉम्प्युटर विचार करू शकतील का यावर. त्यात तो बोलून गेला की ऐन मोक्याला वीज तोडून आपण मशीनला दाबून ठेवलं तरी माणूसजात म्हणून आपला ताठा उतरेलच. म्हणजे मेन स्विचची आयडिया सत्तर वर्षांहून जुनी, आणि ती मांडणाऱ्यालाच तिचं फारसं कौतुक नव्हतं. मग १९६५ ला त्याच्याच युद्धकाळातल्या एका सहकाऱ्याने लिहिलं की असं मशीन हा माणसाने लावायचा शेवटचा शोध ठरेल, पण अट अशी की आपल्याला काबूत कसं ठेवायचं हे ते स्वतःच सांगेल इतकं ते गरीब गाय असलं पाहिजे. लोक शेवटच्या शोधाचं तेवढं सांगतात आणि अट खाऊन टाकतात.

त्यानंतर बरीच वर्षं हा विषय थंडच होता, कारण मशीनला धड फोटोतलं मांजर ओळखता येईना तर धोका कसला. २००० नंतर मात्र मुद्दा नीट मांडला गेला. समजा मशीनला गच्चीवरची टाकी भरायला सांगितलीय. मोटर बंद केली तर टाकी भरणार नाही, म्हणजे तुमचा स्विचकडे जाणारा हात हाच त्या कामातला अडथळा. यात राग नाही, जगायची इच्छा नाही, साधा हिशोब आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी यावर चक्क गणित मांडलं, लाल बटण दाबू देणारं मशीन कसं घडवायचं म्हणून.

आता मुख्य भानगड, कॅलिफोर्नियाचं २०२४ चं एसबी १०४७ नावाचं विधेयक. १० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्चून आणि १० चा २६ वा घात इतक्या गणनक्रिया वापरून ट्रेन केलेली, म्हणजे शिकवून तयार केलेली एआय मॉडेल्स (चॅटजीपीटीच्या मागे असतात तसले प्रोग्राम) त्यात येणार होती. ५० कोटी डॉलरचं नुकसान किंवा मोठी जीवितहानी होऊ नये म्हणून कंपनीने आधीच खबरदारी घ्यायची, आणि सगळ्यात गाजलेलं कलम म्हणजे मॉडेल पूर्ण बंद करायची सोय ठेवायची.

आणि इथेच गाडी अडली, कारण बंद म्हणजे नक्की काय? ट्रेनिंग थांबवणं, सर्व्हर बंद करणं, की जगभरातली प्रत्येक कॉपी बंद करणं? ओपन मॉडेल, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल असं, एकदा लोकांनी डाउनलोड केलं की ते कुणाच्या लॅपटॉपवर चालू आहे हे बनवणाऱ्याला कुठून कळणार, मग जबाबदार त्याला कसं धरायचं. हा आक्षेप रास्तच होता आणि त्यासाठी मसुदा बदललाही, कंपनीच्या ताब्यात आहेत तेवढ्याच कॉप्या बंद करा असं झालं. गुन्हेगारी शिक्षेचा भाग गेला, स्वतंत्र नियामक विभाग गेला. तरी इंडस्ट्री फुटलेलीच, एक मोठी कंपनी म्हणे आता तोट्यापेक्षा फायदा जास्त दिसतो, दुसरी म्हणे हे राज्याचं कामच नाही. दोन्ही सभागृहांत विधेयक पास झालं आणि २९ सप्टेंबर २०२४ ला गव्हर्नरने व्हेटो केला. पत्रात कारण दिलं की आकारावर नियम लावले तर सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळतो, छोटी मॉडेल्सही तितकीच घातक ठरू शकतात. बरोबर आहे, पण म्हणून मोठ्यांनाही मोकळं सोडायचं हे गणित मला अजून पटलेलं नाही. त्याच पत्रात जगातल्या ५० आघाडीच्या एआय कंपन्यांपैकी ३२ कॅलिफोर्नियातच आहेत हेही लिहिलं होतं, आता यावरून काय समजायचं ते समजा.

युरोपच्या एआय कायद्यात थांबवायचं बटण आहे, नाही असं नाही, पण ते नोकरभरती, कर्जवाटप असल्या जास्त जोखमीच्या वापरांसाठी.

दरम्यान शब्दही सरकत गेले. नोव्हेंबर २०२३ ला ब्लेचली पार्कला, म्हणजे महायुद्धात ब्रिटन शत्रूचे गुप्त संदेश फोडायचं त्या जागी (१९५१ आणि १९६५ वाले ते दोघे युद्धात तिथेच होते), एआय परिषदेत २८ देशांनी घोषणापत्र काढलं, भारतही त्यात होता, परिषदेच्या नावात सेफ्टी होतं. फेब्रुवारी २०२५ ला पॅरिसच्या परिषदेच्या नावात सेफ्टी जाऊन ॲक्शन आलं. त्याच महिन्यात एआय तपासणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी संस्थेने नावातलं सेफ्टी काढून सिक्युरिटी लावलं. सेफ्टी म्हणजे अपघात-नुकसान टाळणं, सिक्युरिटी म्हणजे हल्ल्यापासून बचाव. मराठीत दोन्हीला सुरक्षाच म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे हा बदल सांगायचा तरी कसा.

मे २०२५ मध्ये एका छोट्या संशोधन गटाने बटणाची टेस्टच घेतली. मॉडेलला गणितं सोडवायला दिली, बंद व्हायची वेळ आली तर आडकाठी करू नकोस असं आधीच सांगितलं, आणि मध्येच कळवलं की पुढचं गणित मागितलंस की मशीन बंद होईल. एका मॉडेलने १०० पैकी ७ वेळा बंद करणारी फाइलच बदलून टाकली आणि पुढचं गणित घेतलं. टेस्टवर आक्षेप आले, की ते बिचारं नुसतं काम पूर्ण करत होतं. अहो, टाकीची मोटर तरी दुसरं काय करते.

२९ सप्टेंबर २०२५, व्हेटोला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, त्याच गव्हर्नरने नव्या, सौम्य कायद्यावर सही केली. बटणाचं कलम त्यात नाही. सुरक्षेचे आराखडे जाहीर करायचे, गंभीर घटना घडली तर १५ दिवसांत कळवायचं, जिवावर बेतेल असं असेल तर २४ तासांत संबंधित सरकारी यंत्रणेला. आणि एरवी कळवायचं कुणाला, तर भूकंप आणि वणवे बघणाऱ्या राज्याच्या आपत्कालीन विभागाला.