स्थानक परिसर विकास आणि लोकसहमती

रेल्वे स्टेशन किंवा एस.टी. स्टँडपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरातील (साधारण 500 ते 800 मीटर) घरे, दुकाने, पदपथ आणि वाहनतळ एकत्र आखणे, याला स्थानक परिसर विकास म्हणतात. केंद्र सरकारचे यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण 2017 चे आहे. या बदलाला तिथे राहणाऱ्यांचा, धंदा करणाऱ्यांचा आणि रोज ये-जा करणाऱ्यांचा होकार आधीच मिळवणे ही लोकसहमती.

मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करताना नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली हरकतींसाठी एक महिना मिळतो. तोवर नकाशा पक्का झालेला असतो आणि लोक चिडलेले असतात. खरे काम त्याआधीचे.

सुरुवात पायी फेरीने करावी. नकाशावर स्टेशनभोवती काढलेले गोल वर्तुळ फसवे असते. मिरज जंक्शनला रुळांपलीकडचे घर सरळ रेषेत जवळ दिसते, पण पुलाचा वळसा धरला की अंतर वाढते. मिरजेत दवाखान्यांसाठी कर्नाटकातूनही रुग्ण रेल्वेने येतात. फेरी त्यांच्या चालीने, हातात पिशव्या घेऊन करावी. कुठे थांबावे लागते, कुठे गटार ओलांडावे लागते, ते मग कळते.

पुढचे साधन फक्की. आयआरसी 103 (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वे) नुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. कागदावरची रेघ कुणाला कळत नाही. तीच फक्कीने रस्त्यावर ओढली की कुणाची पायरी, कुणाचा पत्रा, चहाच्या गाड्याचे कोणते चाक आत येते ते सगळ्यांना दिसते. बोलणी तिथेच उभ्याने करावीत.

एकच जाहीर सभा पुरत नाही. तिथे घरमालक बोलतात, भाडेकरू गप्प बसतात. रिक्षावाले, वडापवाले (जीपमधून प्रवासी नेणारे), महिला प्रवासी यांच्या बैठका वेगळ्या घ्याव्यात. फेरीवाल्यांसाठी 2014 च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात त्यांचे किमान 40 टक्के प्रतिनिधी असावे लागतात. तिला वगळून केलेली आखणी टिकत नाही.

बोलणी बहुधा दोन कारणांनी फिसकटतात. स्टेशनचे आवार रेल्वेचे, स्टँड एस.टी. महामंडळाचा, बाहेरचा रस्ता बहुधा महापालिकेचा. शब्द देतो एक आणि जागा असते दुसऱ्याची. म्हणून तिघांचेही अधिकारी बैठकीला हवेत. दुसरे कारण एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते तो आकडा. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीत मजले वाढणार म्हटले की पहिला प्रश्न येतो, पाणी कुठे जाणार? पूररेषा, नाल्याची पातळी आणि पाणीपुरवठ्याची क्षमता दाखवल्याशिवाय मजल्यांचा विषय काढू नये. प्रत्येक हरकतीला क्रमांक आणि लेखी उत्तर द्यावे, आणि इतिवृत्त प्रभाग समितीच्या कार्यालयाबाहेर लावावे.