दात हिरडी फाडून वर येत नाही

मे महिन्यात सोलापुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहा. "बाळाला दात येतायत, ताप आहे, जुलाब होतायत, काहीतरी द्या," हे ऐकायला मिळतंच. कुठे ते तेलुगूत असेल, कुठे कन्नडमध्ये, कुठे मराठीत. निदान मात्र तिन्ही भाषांत एकच. मग काउंटरवर येतं हिरडीला लावायचं जेल, नाहीतर पॅरासिटामॉलची बाटली, नाहीतर गोड पांढऱ्या गोळ्यांची डबी. कधी तिन्ही.

या सगळ्यामागे आपल्या डोक्यात एक चित्र असतं. ज्वारीचा कोंब जमीन फोडून वर येतो तसा दात खालून रेटा देत, हाड आणि हिरडी फाडत बाहेर पडतो. एवढी फाडाफाड म्हटल्यावर ताप येणारच आणि वेदनाशामक लागणारच! हे चित्र चुकीचं आहे. ते ज्या प्रयोगांनी खोडून काढलं ते माझ्या फार आवडीचे आहेत, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

जबड्याच्या हाडात दात घडत असताना त्याच्याभोवती पेशींची एक पातळ पिशवी असते. तिला दंतपुटक म्हणतात. काहिल या अमेरिकी संशोधकाने १९६९ साली कुत्र्याच्या पिल्लांमध्ये वर येऊ पाहणारा दात तारेने खाली जबड्याला बांधून टाकला. दाताला हलायची सोय नव्हती. तरीही त्याच्या डोक्यावरचं हाड विरघळत गेलं आणि वाट तयार झाली. म्हणजे वाट करायला दाताच्या रेट्याची गरजच नव्हती. पुढे मार्क्स आणि काहिल यांनी १९८४ साली त्याहून अचाट गोष्ट केली. उपदाढेचा अंकुर काढून घेतला, पुटक तसंच ठेवलं आणि त्यात दाताच्या आकाराचा धातूचा तुकडा बसवला. तो निर्जीव तुकडा खऱ्या दातासारखा हिरडीतून वर आला! उलट पुटक काढून दात ठेवला, तर दात जागच्या जागी बसून राहिला.

कर्ता-करविता पुटक आहे, दात नुसता प्रवासी. त्यातही पुटकाच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांची कामं वेगळी. वरचा भाग सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडतो, त्याच्या ओढीने रक्तातल्या मोनोसाइट पेशी तिथे जमतात. मग 'रँकल' नावाचा दुसरा रेणू त्यांना एकमेकींत मिसळायला लावतो आणि त्यातून अनेक केंद्रकांच्या ऑस्टिओक्लास्ट पेशी बनतात. या हाडाला चिकटतात, आम्ल सोडून त्यातलं खनिज विरघळवतात आणि उरलेलं कोलॅजन हे प्रथिन विकरांनी (एन्झाइमांनी) पचवतात. एरवी ऑस्टिओप्रोटेजेरिन हा रेणू 'रँकल'ला पकडून ठेवतो. वाट करायच्या सुमारास त्याचं उत्पादन खाली येतं. दाताच्या बुडाशी नेमकं उलट चालू असतं, तिथे नवं हाड रचलं जातं. पुटकाचा वरचा किंवा खालचा, कोणताही एक अर्धा भाग काढला तरी दात उगवत नाही. नावं लक्षात राहिली नाहीत तरी हरकत नाही. वर पाडकाम आणि खाली बांधकाम, एवढं पुरे.

हिरडीतही फाडाफाड नाही. दाताच्या माथ्यावरचा पेशींचा थर हिरडीच्या थराला जाऊन मिळतो आणि मधल्या पेशी आपणहून मरतात. म्हणून दात सहसा रक्ताचा थेंबही न सांडता बाहेर येतो.

मग बाळ कुरकुरतं का? कारण हाड विरघळवायला बोलावलेले इंटरल्यूकिन-१, प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रेणू दाहाचेही रेणू आहेत. हिरडी थोडी सुजते, हुळहुळते. बाळ हाताला येईल ते चावतं, लाळ गळते, रात्री उठतं. त्रास खरा आहे, पण माफक आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या आईवडिलांना रोज दोनदा तापमान आणि लक्षणं लिहून ठेवायला लावली आणि २००० साली निष्कर्ष छापले. त्रास दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढ्यातच आढळला. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण १०२ अंशांवरचा ताप, उलट्या, पातळ शी यांचा दाताशी संबंध लागला नाही.

संबंध वाटतो तो वयामुळे. आईकडून नाळेवाटे मिळालेली प्रतिपिंडं सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतात. त्याच सुमारास वरचं अन्न सुरू होतं, बाळ सरपटायला लागतं आणि फरशीवरचं सगळं तोंडात घालतं. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात चार दिवस साठवलेलं पाणी वापरावं लागतं. जुलाबाचं कारण त्या पिंपात सापडण्याची शक्यता दातापेक्षा कितीतरी जास्त. 'दाताचे जुलाब' म्हणून थांबणं आणि मीठ-साखर-पाणी उशिरा सुरू करणं, खरा घात तिथे होतो.

आता औषधं. हिरडीचं जेल लाळेत काही मिनिटांत वाहून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा लावलं जातं, आणि गिळलेलं पोटात जमत राहतं. काही जेलमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं. त्यामुळे घसा बधिर होऊन बाळाला ठसका लागू शकतो आणि जास्त गेल्यास झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४ साली दात येण्याच्या त्रासासाठी लिग्नोकेन वापरू नका असं बजावलं. बेंझोकेन या जेलमधल्या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाबद्दल २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तसाच इशारा दिला. ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाला अशा अवस्थेत ढकलू शकतं की ते ऑक्सिजन उचलतच नाही. ते पूर्ववत करणारं विकर बाळाच्या रक्तात मोठ्यांच्या साधारण निम्मंच असतं. ओठ निळसर, रक्त चॉकलेटी! असं क्वचित होतं, पण जेलचा फायदाच नगण्य असेल तर एवढा धोका तरी का पत्करायचा? काही जेलमधलं कोलीन सॅलिसिलेट तर ॲस्पिरिनचं भावंड. ब्रिटनने २००९ साली सोळा वर्षांखालच्यांना ते नको असं ठरवलं.

गोड गोळ्यांमध्ये मला साखरेपलीकडे काही दिसत नाही, आणि जिथे काही सापडलं तिथे ते नको ते होतं: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या होमिओपॅथिक दातांच्या गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमी-जास्त आढळलं. मधात खललेला टाकणखार हिरडीला चोळणाऱ्या आज्या अजून आहेत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत; आणि वर्षाच्या आत मध नकोच. वरचे दात आधी आले तर मामावर संकट येतं म्हणतात. मामाने निवांत झोपावं.

थंड केलेलं ओलं स्वच्छ फडकं चावायला द्या, धुतलेल्या बोटाने हिरडी हलके चोळा. कडक भाकरीचा तुकडा मात्र हातात देऊ नका. तो मोडतो आणि घशात अडकतो.

एवढं करूनही बाळ रात्रभर रडत असेल तर पॅरासिटामॉलच्या एखाद्या मात्रेला माझी हरकत नाही. आयबुप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक जुलाब चालू असताना टाळावं, कारण शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच सांभाळतात आणि हे औषध तेच बंद करतं. निमेसुलाइड या ताप-वेदनेवरच्या औषधावर तर आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर टिकला तर दाताचं नाव न घेता डॉक्टरांना दाखवा.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सात किलोच्या बाळाला फार तर १०५ मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीत. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२५. सिरपचे चार मिलिलिटर म्हणजे १०० मिलिग्रॅम, ठीक. पण शेजारणीने सांगितलेले तेच 'चार एमएल' थेंबांच्या बाटलीतून दिले तर ४०० मिलिग्रॅम पोटात जातात, आणि असं दोन-तीन दिवस चाललं तर यकृताला ते झेपत नाही. म्हणून औषध काढण्याआधी लेबलवर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम ते वाचा, घरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचं ड्रॉपर किंवा माप वापरा, आणि लसीकरणाच्या कार्डावरचं बाळाचं शेवटचं वजन फोनमध्ये लिहून ठेवा.