आळ रश्शावर, मळ जिभेवर

कोल्हापुरात कुणाच्या तोंडाला वास आला की पहिला संशय रश्शावर. तो अगदीच खोटा नाही. कांदा-लसूण मसाल्यातल्या लसणाचं एक गंधकयुक्त द्रव्य पोटातून रक्तात जातं, रक्तातून फुफ्फुसात, आणि श्वासावाटे बाहेर पडत राहतं. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा ओरपून संध्याकाळी रंकाळ्यावर गेलात, तर वाटेत कितीही चुळा भरा, वास सोबत येणारच. पण तो एखाद्या दिवसात ओसरतो. महिनोन्महिने मुक्काम ठोकणारा वास बहुतेक वेळा तोंडातच तयार होतो, आणि त्यातही जिभेच्या मुळाशी.

हे फार जुनं ज्ञान आहे. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळानं दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी, असं आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात स्वच्छ सांगितलंय. खरवडायची पट्टी सोनं, रूपं, तांबं, कथील किंवा पितळेची, वाकवलेली आणि धार नसलेली. त्यानंतर तोंडात धरायला जायफळ, सुपारी, लवंग, कंकोळ, विड्याचं पान, कापूर, वेलदोडा. म्हणजे आधी सफाई, मग सुगंध. आपण विडा आणि लवंग जपली. पट्टी मात्र बऱ्याच घरांतून मागे पडली.

दात घासायला आमच्याकडं राखुंडी होती, कडुलिंबाची नाहीतर बाभळीची काडी होती. आणि होती मिश्री. निपाणीचा तंबाखूपट्टा जवळच. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि दातांना लावून बसायचं. कितीतरी आज्ज्यांची सकाळ या डबीशिवाय सुरू होत नसे. मंजन म्हणून बोटावर आलेली ही चीज व्यसन होऊन बसली. ती हिरड्या बिघडवते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते, आणि तोंड स्वच्छ ठेवायच्या नावाखाली वासात भरच घालते. मिश्रीबद्दल हळवं होणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तिकडं युरोपात 1683 साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्यानं दातांवरचं कीट आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. त्यांचा वासाशी संबंध जुळायला पुढं जवळजवळ तीन शतकं गेली. मध्ये बाजारानं हात धुऊन घेतले. 1879 मध्ये शस्त्रक्रियेसाठी तयार झालेलं लिस्टरिन हे जंतुनाशक 1920च्या दशकात अमेरिकेत तोंडाच्या वासावरचा उपाय म्हणून विकलं जाऊ लागलं. ‘हॅलिटोसिस’ हा तोंडाच्या दुर्गंधीसाठीचा वैद्यकीय वजनाचा शब्द जाहिरातींनी घरोघरी पोचवला. वास असेल तर लग्न जमणार नाही, मैत्रिणी बोलणार नाहीत, ही भीती बाटलीबरोबर विकली गेली. लाज तेव्हापासून चिकटली ती अजून सुटलेली नाही.

1960-70च्या दशकांत कॅनडातले संशोधक जोसेफ टॉन्झेटिच यांनी वासातली रसायनं ओळखली. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि मिथाइल मर्कॅप्टन. जिभेच्या मागच्या खडबडीत भागात आणि हिरड्यांच्या खाचांत, जिथं हवा पोचत नाही, तिथले जंतू अन्नकणांतली आणि झडलेल्या पेशींमधली प्रथिनं कुजवतात आणि हे वायू सोडतात. चरकांचं बोट ज्या जागेवर होतं, तीच जागा.

लाळ हे सगळं धुऊन नेते. रात्री ती आटते, म्हणून सकाळचा वास सगळ्यांनाच. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनाही हा त्रास होतो. चावणं कमी, लाळ कमी, आणि चरबी जळू लागली की श्वासाला वेगळाच दर्प. त्यावर पाणी पीत राहणं बरं.

बाकी उपाय साधे आहेत. जीभ मागून पुढं हलक्या हातानं खरवडायची, दातांच्या फटी साफ करायच्या, कवळी रात्री काढून ठेवायची, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडं जायचं. तोंड निरोगी असूनही वास राहिला तर सायनस, टॉन्सिल, मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. नुसती माउथवॉशची बाटली म्हणजे गटारावर अत्तर.

आपला वास आपल्याला कळत नाही, ही यातली खरी अडचण. घरच्या माणसाला विचारावं. कोल्हापुरात उत्तर तोंडावरच मिळतं.