ट्रान्सप्लांटच्या रिसर्चसाठी ट्रस्टची ग्रँट: इंदूरवाल्यांनी कुठले कागद जमवायचे

बहिणीचा मुलगा इथेच इंदूरला किडनीचा डॉक्टर आहे. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन, मावशी एका ट्रस्टची ग्रँट निघालीय, शुक्रवार शेवटची तारीख, किडनी बदलल्यावर पेशंट गोळ्या मधेच का सोडतात त्यावर प्रोजेक्ट लिहून तयार आहे, अजून काय लागतं? म्हटलं बाबा, प्रोजेक्ट तर त्या फाईलमधला सगळ्यात सोपा कागद. इतकी वर्षं ट्रस्टचे हिशेब लिहिलेत म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे पैसा तुमच्या नावावर येतच नाही, चेक संस्थेच्या नावाने निघतो. म्हणून पात्रता दोघांची बघतात. तुमची म्हणजे डिग्री, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, बायोडाटा, आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत तुम्ही तिथेच नोकरीत असाल असं संस्थेचं पत्र. रेसिडेंट असाल तर बहुतेक ठिकाणी मुख्य नाव गाइडचं टाकावं लागतं, रुसू नका. संस्थेची म्हणजे रजिस्ट्रेशन, पॅन, नीती आयोगाच्या पोर्टलवर संस्थेची नोंद केली की मिळतो तो दर्पण नंबर, आयकरवाल्यांचं धर्मादाय नोंदणीचं पत्र ज्याला सगळे अजून बारा-ए च म्हणतात, देणगीदाराला करात सूट मिळते ते ८०जी चं पत्र, साधारण तीन वर्षांचं ऑडिट, कमिटीचा ठराव आणि एक कॅन्सल चेक. सरकारी कॉलेज असेल तर यातलं बरंच लागत नाही, पण डीनचं पत्र लागतं आणि पैसा नेमका कुठल्या खात्यात घ्यायचा ते अकाउंट्समध्ये आधीच विचारून ठेवा.

इथे एक गंमत होते. पुण्याचे नातेवाईक सांगतात धर्मादाय आयुक्तांकडे जा. अहो, ते महाराष्ट्रात! आपल्याकडे १९५१ चा मध्यप्रदेश पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्ट आहे, त्यात रजिस्ट्रार म्हणजे कलेक्टर, आणि फाईल प्रत्यक्षात एसडीएमकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्याकडे फिरते. संस्था सोसायटी असेल तर १९७३ चा कायदा आणि फर्म्स अँड सोसायटीचं ऑफिस. सर्टिफिकेटवर कुठला कायदा लिहिलाय ते बघा आणि फॉर्ममध्ये तोच टाका, कारण ‘ट्रस्ट’ लिहिलं आणि कागद सोसायटीचा निघाला की फाईल परत.

कंपनीचा सीएसआर पैसा, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो, घ्यायचा असेल तर ट्रस्ट-सोसायटीला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर काढावा लागतो, १ एप्रिल २०२१ पासून. त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते, आणि मार्चमध्ये सीए सापडत नाही हे लक्षात ठेवा.

बाहेरच्या देशातली चॅरिटी पैसे देणार असेल तर काम वाढतं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी पाहिजे, खातं दिल्लीत संसद मार्गच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे ‘त्या ट्रस्टच्या नावाने घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू’ हा जुना रस्ता बंद. ऑफिसखर्चही २० टक्क्यांच्या वर नाही. शिवाय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी, ती आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत जाते. म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर देशातलाच पैसा बघा, माझं तरी हेच मत.

आता खरी गाडी अडते ती एथिक्स कमिटीपाशी, म्हणजे रिसर्चमध्ये पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणारी हॉस्पिटलची कमिटी. तुमच्या हॉस्पिटलची कमिटी रजिस्टर्ड आहे का, तारीख संपली नाही ना, ते आधी विचारा. औषधाच्या ट्रायलसाठी सीडीएससीओ म्हणजे केंद्राचं औषध नियंत्रण खातं, बाकी आरोग्य संशोधनासाठी डीएचआर म्हणजे केंद्राचं आरोग्य संशोधन खातं, रजिस्ट्रेशन दोन्हीकडे वेगवेगळं. औषधांच्या ट्रायलच्या २०१९ च्या नियमात निदान सात मेंबर, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक बाई, एक कायद्याचा माणूस, एक साधा माणूस असं सगळं आहे. कोरम, म्हणजे लागतात तेवढे मेंबर, झाला नाही की मीटिंग पुढे, तुमची ग्रँट गेली. पेशंटवर काही उपचार करून बघणार असाल तर सीटीआरआय या ट्रायल नोंदवायच्या सरकारी वेबसाइटवर नोंद पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करायची, पैसे लागत नाहीत.

अवयवांचं थोडं वेगळं आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातलं दान हे उपचारासाठीचं दान आहे. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी फॉर्म ८ वर, म्हणजे अवयवदानाच्या संमतीवर, सही केली म्हणजे उरलेला तुकडा लॅबमध्ये न्यायला परवानगी मिळाली असं समजू नका, रिसर्चची संमती वेगळी, लेखी, आणि एथिक्स कमिटीने पाहिलेली. आणि ती मागायची वेळ बघा हो, आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईला सतरा पानं कोण देतं.

संमतीपत्र हिंदीत लागेलच, मराठीतही करा, पण पुस्तकी नको. ‘सहभागी व्यक्तींसाठी माहितीपत्रक’ वाचून रामबागेतल्या एका काकूंनी मला विचारलं होतं, कुठल्या शिबिराचं आहे ग?

बजेटमध्ये पेशंटचं येणंजाणं जरूर धरा. खरगोन, झाबुआहून माणूस तपासणीला येतो, एक दिवसाची मजुरी बुडते, ते नाही दिलं तर तो दुसऱ्यांदा येत नाही आणि तुमचा डेटा अर्धा. बिलं पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाईलला, कारण दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पहिला पैसा कुठे खर्च झाला त्याचा दाखला, दिल्यावरच सुटतो.

आमच्या डॉक्टरांचा शुक्रवार हुकलाच, त्यांच्या कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. सध्या हिंदी संमतीपत्र टाइप करून घेतोय आणि मला रोज एक पान वाचायला पाठवतोय.