गोमंतकीय नाताळच्या जेवणासोबतची वाइन

गोव्यात नाताळ, नवे वर्ष आणि गावोगावच्या फेस्तांच्या (चर्चच्या उत्सवांच्या) जेवणात डुकराचे मांस, कोंबडी, मासळी आणि नारळाचे गोड पदार्थ असतात. त्यांच्यासोबत कोणती वाइन वाढावी, हा या नोंदीचा विषय. 'तांबड्या मांसाला तांबडी, मासळीला पांढरी' हा युरोपीय ठोकताळा इथे लवकरच निरुपयोगी ठरतो. गोमंतकीय ताटात मांसाच्या रंगापेक्षा व्हिनेगर आणि मिरची यांचा आवाज मोठा, त्यामुळे निवड त्या दोघांकडे बघून करावी लागते.

याचे मूळ विंदालो या डुकराच्या मांसाच्या तिखट-आंबट पदार्थाच्या नावातच आहे. पोर्तुगीजांचे 'विन्या द आल्यूश' म्हणजे वाइन आणि लसूण यांत मुरवलेले मांस. १५१० नंतर ही रीत गोव्यात रुजली, पण इथे द्राक्षे नव्हती आणि माड मात्र मुबलक होते. म्हणून वाइनच्या जागी सुरेचे (माडाच्या ताडीचे) व्हिनेगर आले, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात पडली. (पुढे हॉटेलांतल्या 'विंदालू'त बटाटा शिरला, तो शेवटच्या दोन अक्षरांत 'आलू' ऐकू आल्यामुळे. मूळ शब्दाचा अर्थ लसूण.) पोर्तुगालच्या मादेइरा बेटावर आजही नाताळला हाच पदार्थ वाइन घालून करतात. गोव्यात भांड्यातली वाइन गेली ती गेलीच. आता ती पेल्यातून जेवणाला येते, तेव्हा तिची गाठ तिची जागा घेतलेल्या व्हिनेगराशी पडते.

ही गाठ अवघड असते. पदार्थ वाइनहून आंबट असला की वाइन पाणचट लागते, म्हणून वाइनला स्वतःचा चांगला आंबटपणा हवा. मिरचीचे गणित वेगळे. तोंडातली जी केंद्रे तिखटाने पेटतात त्यांनाच अल्कोहोलही चेतवते, त्यामुळे साडेचौदा टक्के अल्कोहोलची दमदार रेड सोरपोतेलासोबत (डुकराचे मांस आणि काळीज यांच्या व्हिनेगर घातलेल्या कालवणासोबत) घेतली की जीभ जळते आणि वाइनचा तुरटपणा कडवट होतो. थोडी साखर मात्र तिखट शमवते. लाकडी पिंपात मुरवलेली महागडी तांबडी कॅबर्ने सोव्हिन्यों यजमान मोठ्या हौसेने उघडतो आणि ती नेमकी याच ताटापुढे हरते, हा अनुभव अनेक घरांतला आहे.

सोरपोतेल आणि विंदालो यांना म्हणून किंचित गोडसर, आंबट आणि थंडगार वाइन शोभते. नाशिकच्या काही शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये थोडी साखर राखलेली असते, ती चालते. झिनफांडेल द्राक्षांची रोझे, म्हणजे गुलाबी वाइनही बरी. तांबडीच हवी असेल तर कमी तुरट, फळांच्या चवीची घ्यावी आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम युरोपातल्या १६ ते १८ अंशांच्या खोल्यांचा आहे. मडगावच्या किंवा म्हापशाच्या डिसेंबरातल्या दुपारी पारा तिशीपार असतो, तिथे तो पाळला तर पेल्यात कोमट काढा उरतो.

बाकीच्या पदार्थांचे फार अवघड नाही. कोंबडीच्या काफ्रेआलच्या हिरव्या वाटणातल्या कोथिंबीर-लिंबाला पांढरी सोव्हिन्यों ब्लां जुळते. शाकुती या मांसाच्या रश्शात भाजलेले खोबरे, खसखस आणि मिरी असते, व्हिनेगर नसते. नाशिक-सोलापूरकडच्या मिरमिरीत, तांबड्या शिराझला ताटात हक्काची जागा मिळते ती इथे. रेशादाचा, म्हणजे लाल मिरची-व्हिनेगरचा, मसाला भरून तळलेल्या बांगड्याला किंवा पापलेटाला मात्र तांबडी नको. वाइनमधल्या लोहामुळे तोंडात मासळीचा उग्र वास राहतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, आणि तांबड्यांत लोह साधारणपणे जास्त असते. तळणाला आणि डुकराच्या अख्ख्या भाजलेल्या पिल्लाला, म्हणजे लेइतांवला, ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे कोरडी (गोड नसलेली) फेसाळ वाइन उत्तम. पोर्तुगालच्या बाइर्राडा भागात असेच भाजलेले पिल्लू आणि फेसाळ वाइन ही ठरलेली जोडी आहे, कारण बुडबुडे आणि आंबटपणा चरबी कापतात.

गोव्यातल्या पोर्ट वाइनबद्दल वेगळे बोलायला हवे. खरी पोर्ट दोउरो नदीच्या खोऱ्यातली, त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्ये आखली गेली. आंबणे चालू असतानाच द्राक्षाचे मद्य ओतून ते थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्यात त्याच नावाने विकली जाणारी स्वस्त, गोड, जांभळट वाइन बहुधा बंगलोर ब्लू द्राक्षांची असते आणि ती द्राक्षे घाटावरून येतात. जाणकार तिला नाके मुरडतात, ते अर्धेच बरोबर आहे. तिची साखर चोरीस-पावाच्या (डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि पाव यांच्या) तिखटाला छान सांभाळते. हिंदू घरांतही ही बाटली कपाटात असते, 'रक्त वाढते' या समजुतीने म्हाताऱ्या माणसांना चमचाभर देण्यापुरती. त्या समजुतीला आधार नाही.

मराठी बोलणाऱ्या हिंदू कुटुंबांचा या जेवणाशी संबंध बहुधा शेजारधर्माचा. नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुले घातलेले कन्सुआदाचे (नाताळच्या फराळाचे) ताट शेजारी येते आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्यांचेच ताट उलट जाते. चवथीचे जेवण नैवेद्याचे असते, त्यात कांदा-लसूणही नसते, तिथे वाइनचा प्रश्नच उद्भवत नाही. नाताळच्या बोलावण्यात मात्र पाहुण्यांपैकी कुणी डुक्कर खात नाही, कुणी पीत नाही. अशा मिश्र पंगतीत एकच बाटली निवडायची झाली तर ती कोंबडी आणि मासळी दोन्हीला चालणारी स्पार्कलिंग असावी, आणि न पिणाऱ्यांसाठी सोलकढीचे पेले मोजून भरलेले असावेत.

गोडाचा नियम एकच, वाइन पदार्थाहून गोड हवी. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थासमोर कोरडी शॅम्पेन ठेवली की ती नुसती आंबट लागते. अंड्याचे बलक, नारळाचा रस, तूप आणि जायफळ यांच्या भाजक्या थरांना मादेइरा वाइनचे गोड प्रकार, बुआल किंवा माल्मसी, फार सुरेख जुळतात. या जोडीमागे इतिहासही आहे. मादेइराची पिंपे जहाजांतून भारताकडे येऊन परत जात, आणि उष्ण कटिबंधातल्या त्या प्रवासाने वाइन बिघडण्याऐवजी सुधारते असे ध्यानात आले. अशा फेरी मारून आलेल्या वाइनला 'विन्यु दा रोदा' म्हणत. पुढे पिंपे जहाजावर न चढवता बेटावरच वाइनला ऊब देऊ लागले. मादेइरा गोव्यात सहज मिळत नाही. तिच्या जागी टॉनी, म्हणजे पिंपात दीर्घकाळ मुरवलेली पोर्ट चालते.

उघडलेली टॉनी थंड जागी काही आठवडे टिकते, नाशिकची शेनिन दोन-तीन दिवसांत उतरते. सोरपोतेलाची चाल उलटी. ते नाताळच्या दोन-तीन दिवस आधी शिजवून रोज गरम करतात आणि व्हिनेगर मांसात उतरत जाते, तसा त्याचा धारदारपणा कमी होतो. म्हणून पंचवीस तारखेला वाइनशी भांडणारे सोरपोतेल सत्तावीसला, उरलेल्या सान्नांबरोबर (तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थाबरोबर), साध्या तांबड्या वाइनशीही जमवून घेते.